फोटोतला पाठमोरा माणूस

“अवो आजोबा, माणूस खोटं बोलंल. कॅमेऱ्याला काय गरज पडलीया?”

बाबर हवालदार माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले. टेबलापलीकडे उभे असलेले रायबागकर त्यांच्याकडे वळलेसुद्धा नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. त्यांच्यामागे चाळीसएक माणसांची रांग होती आणि शेजारी त्यांची मुलगी मंजिरी कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होती.

“कोष्टी,” रायबागकर म्हणाले, “फोटो उघडा. मला बघायचाय.”

लोकअदालतीचा शनिवार होता. मी तेव्हा जिल्हा न्यायालयात कनिष्ठ लिपिक होतो. वर्षातून तीन-चारदा असा शनिवार यायचा आणि वाहतुकीची तुंबलेली चलनं सवलतीत मिटवायला निम्मं गाव कोर्टात लोटायचं. माझं काम सोपं होतं. माणसानं गाडीचा नंबर सांगायचा, मी तो संगणकात घालायचा, चलनांची यादी काढायची, कबुलीच्या कागदावर सही घ्यायची आणि माणूस आत पॅनेलपुढे पाठवायचा. कुणी फारच कुरकुर केली तर फोटो दाखवायचा. फोटो बघितला की बहुतेकांची बोलती बंद व्हायची. उरलेले मेहुण्याचं नाव घ्यायचे.

रायबागकरांना आमच्या कोर्टात शिपायापासून जज्जसाहेबांपर्यंत सगळे ओळखत. ते मोजणी खात्यातले. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, तरी तालुक्यातला कुठला हद्दीचा दगड कुठल्या साली कुणी सरकवला हे त्यांना विचारावं. बांधाचा दावा उभा राहिला की दोन्ही बाजूंचे वकील आधी ‘रायबागकर कुणाकडून?’ एवढंच विचारत. एकदा एका वकिलानं त्यांना उलटतपासात घेरायला बघितलं. तीस वर्षांपूर्वीचं तुम्हाला कसं काय आठवतं, म्हणाला. रायबागकर म्हणाले, “त्या दिवशी तुमच्या वडिलांनी आम्हाला ताक पाजलं होतं. त्यात मीठ नव्हतं.” अख्खं कोर्ट हसलं. वकील दावा हरला.

तर असा माणूस माझ्यापुढे तीन चलनांची यादी घेऊन उभा होता. तिन्ही चलनं मार्केट यार्डाच्या सिग्नलची. सिग्नल तोडला, डोक्यात हेल्मेट नाही. वेळ सकाळी दहा ते साडेदहाच्या मधली.

“दहा ते अकरा मी घरी झोपाळ्यावर पेपर वाचत असतो,” रायबागकर म्हणाले. “चौदा वर्षं वाचतोय. मार्केट यार्डाकडे मी दसऱ्यापासून गेलेलोच नाही.”

“बाबा, जरा हळू बोला ना,” मंजिरी म्हणाली. तिचा आवाज मात्र त्यांच्याहून हळू नव्हता.

मी पहिलं चलन उघडलं. फोटो हळूहळू वरून खाली उतरला. आधी रस्ता, मग एका माणसाची पाठ, पांढरा शर्ट, मागून विरळ झालेलं डोकं. मग राखाडी स्कूटर. आणि सगळ्यात शेवटी नंबरप्लेट. तिच्यावर शेवटच्या आकड्याशी कुंकवाचे दोन ठिपके.



माणसाला स्वतःची पाठ कधी दिसत नाही. ती पाठ माझी आहे हे मला पाठीवरून कळलंच नसतं. चाळिशीतच मी सत्तरीचा दिसतो हेही मला तेव्हाच कळलं. पण ते दोन ठिपके मी डोळे मिटूनही ओळखले असते. दर सोमवारी सकाळी ते मीच गडद करत होतो.

त्याचं असं झालं होतं. आदल्या खंडेनवमीला शरयूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, स्कूटरची पूजा केली. हार घातला, हँडलला हळद लावली आणि तेलात कालवलेल्या कुंकवाची बोटं नंबरप्लेटवर टेकवली. माझ्या गाडीचा नंबर संपतो त्रेसष्टनं. ती बोटं नेमकी इंग्रजी तीनच्या दोन उघड्या तोंडांत बसली. दुरून बघितलं तर आठ. मला हे पंधरा दिवस कळलं नाही. मग एका सकाळी मस्टर गाठायच्या घाईत मी मार्केट यार्डाचा सिग्नल तोडला, वर कॅमेरा चमकला, आणि मी दिवसभर मोबाइलवर मेसेजची वाट बघत बसलो. मेसेज आला नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तसंच. तेव्हा मी खाली वाकून प्लेट नीट बघितली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पुसून टाकायला काय लागतं? एक फडकं. पण मी ते पुसलं नाही. उलट देव्हाऱ्यातलं कुंकू तेलात कालवून दर सोमवारी पुन्हा लावत गेलो. शरयूला वाटलं नवऱ्याला देव आठवला. कोर्टातले म्हणाले, कोष्टी धार्मिक झाले. चौकातल्या पोलिसानं एकदा अडवलं, प्लेटकडे बघितलं आणि नमस्कार करून सोडून दिलं. कुंकवाला कोण हात लावणार? मी मनात हसलो होतो, हे सांगायलाही आता लाज वाटते.

आणि एक गोष्ट अजून लाजेची आहे. माझा आठ झालेला नंबर दुसऱ्या कुणाचा तरी असणार, हे मला सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. मी ज्या संगणकापुढे दिवसभर बसायचो त्यात ते चार आकडे घालून बघायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी ते अर्धं मिनिट कधी काढलं नाही.

“जरा मोठा करा,” रायबागकर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा चढवला आणि टेबलावरून वाकून पडद्यात बघू लागले. “शर्ट माझ्यासारखा आहे.”

“तुमच्यासारखा काय बाबा, तुमचाच आहे. तुम्ही पांढऱ्याशिवाय घालता का काही?”

“पांढरे शर्ट गावात हजार आहेत. हे लाल काय आहे नंबरावर?”

बाबर हवालदारांनी मान पुढे काढली. “कुंकू हाय की. खंडेनवमीचं.”

“मी पूजा करत नाही,” रायबागकर म्हणाले. “हिची आई करायची. ती गेल्यापासून नाही.”

मंजिरीनं त्यांच्या दंडाला धरलं. आता तिचा आवाज खरंच उतरला. “बाबा, तुम्हीच लावलं असेल. आईची आठवण आली असेल त्या दिवशी. लावलं असेल आणि विसरला असाल.”

“विसरलो?” तो शब्द त्यांनी असा उच्चारला की जणू परक्या भाषेतला असावा. “मी?”

“गेल्या महिन्यात दूध गॅसवर ठेवून फिरायला गेला होता. पातेलं जळून कोळसा झालं. शेजारच्या काकूंनी मला फोन केला.”

“दूध विसरणं वेगळं.”

“वेगळं काय त्यात?”

रांगेतून कुणीतरी खाकरलं. कुणीतरी म्हणालं, “चला की ओ, जेवायची वेळ झाली.” मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी कबुलीचा कोरा कागद उगाच सरळ केला.

रायबागकर एकदम माझ्याकडे वळले. “माझी स्कूटर खाली उभी आहे. चला, प्लेट बघून घ्या. कुंकू असेल तर डाग राहिला असेल.”

खाली जायचं म्हणजे गाड्यांच्या त्याच शेडमध्ये जायचं. तिथं त्यांच्या स्कूटरपासून आठ-दहा गाड्या सोडून माझी उभी होती. राखाडीच. सोमवारचं कुंकू लावलेली.

“परवाच सर्व्हिसिंग करून आणली ना बाबा. धुतली त्यांनी. डाग कुठला राहणार?”

“मला टेबल सोडता येणार नाही, साहेब,” मी म्हणालो. “रांग बघा केवढी आहे.”

तेवढ्यात बाबर म्हणाले, “त्यात काय एवढं? आजोबा, तुमास्नी पटत नसंल तर हरकत घ्या. कबुली देऊ नका. मग ही भानगड आमच्याकडं तपासाला येती. नंबराशी खेळणारे बी लई निघाल्यात आताशा. एक आकडा हिकडं-तिकडं करायचा आनि दुसऱ्याच्या नावावर बिल फाडायचं. मिळत्या नंबराच्या गाड्या काढायच्या आनि एकेक बघायची. गावला तर सोडत न्हाई आमी. गुन्हाच दाखल करतो. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं काम न्हाई आपलं.”

बाबर भला माणूस. त्यानं ते चांगल्या मनानंच सांगितलं होतं. मला मात्र समोर माझ्या निलंबनाचा कागद दिसायला लागला, टाइप केलेला, शिक्क्यासकट. कोर्टाचा लिपिक, आणि नंबरात फेरफार! पेपरवाल्यांना आणखी काय हवं? शरयू, तिच्या माहेरची माणसं, शेजारी, सगळे डोळ्यांपुढून गेले. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला घशापासून पायापर्यंत खवखवत होतं.

“किती दिवस लागतात त्याला?” रायबागकरांनी विचारलं.

“चार-सहा महिने धरा,” बाबर म्हणाले.

“घेतो मग हरकत. पैशाचं नाही हो. एवढ्याशा दंडानं मी मरत नाही. पण मी गेलो नाही तिथं गेलो असं म्हणायचं?”

“बाबा!” मंजिरीचे डोळे भरले होते. “सहा महिने तुम्ही इथं एकटे या कोर्टात खेपा घालणार? मला नाशिकहून दर वेळी येता येतं का? आणि शेवटी निघालात तुम्हीच, मग? तीन वेळा सिग्नल तोडलाय. एखादं पोर चाकाखाली आलं असतं तर तेही आठवलं नसतं तुम्हाला!”

हे मात्र त्यांना लागलं. मी बघत होतो ना, मला दिसलं. त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकवला. बराच वेळ ते पडद्यावरच्या त्या पाठीकडे बघत राहिले. मग खुर्ची ओढून बसले आणि माझ्याशी अगदी हळू, दोघांतच बोलावं तसं बोलले.

“कोष्टी, मुलगी काळजीपोटी बोलते. हवालदार सवयीनं बोलतात. तुमचा यात काही संबंध नाही. तुम्ही मला साक्षीला येताना दहा-बारा वर्षं बघताय. पुढून बघितलंय, पाठमोरं बघितलंय. माझे डोळे आता राहिले नाहीत. तुम्ही नीट बघा आणि सांगा. हा मी आहे का?”

मी फोटोकडे बघितलंही नाही.

“साहेब, तुम्हीच आहात,” मी म्हणालो.

तीन शब्द. बाबर म्हणाले, “बघा!” मंजिरीनं डोळे पुसले. रायबागकरांनी खिशातून पेन काढलं. मी कागद पुढे केला आणि कुठे सही करायची तिथं बोट ठेवलं. तीन चलनं, तीन सह्या. शेवटच्या सहीनंतर त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि खिशातून स्कूटरची किल्ली काढून मंजिरीच्या तळहातावर ठेवली.

“तुझं खरं होतं,” ते तिला म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले. “बरं केलंत. स्पष्ट सांगितलंत. घरचे सांभाळून घेतात, त्यानं माणसाला आपलं आपल्याला कळत नाही.”

ते आत पॅनेलकडे गेले. मी पुढच्या माणसाला गाडीचा नंबर विचारला. त्यानं सांगितला, मी चुकीचा घातला. पुन्हा सांगितला, पुन्हा चुकला.

संध्याकाळी शेड रिकामी झाल्यावर मी रुमाल थुंकीनं ओला करून प्लेट पुसली. तेलातलं कुंकू, सहजी निघेना. नखानं खरवडलं. घरी शरयूनं नखं बघितली आणि विचारलं, “कुठल्या देवळात जाऊन आलात?” मी जेवलो नाही.

सांगणार होतो. उद्या सांगू, सोमवारी सांगू, पगार झाला की सांगू. सांगायचं म्हणजे कुणाला, बाबरला की रायबागकरांना, यातच पंधरा दिवस गेले. मग त्यांच्या गल्लीत एकदा जाऊन आलो. दाराला कुलूप होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “मुलगी घेऊन गेली नाशकाला. आता तिकडंच असणार. स्कूटर पण विकली.” मला वाईट वाटलं, पण त्याखाली थोडं हायसंही वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

पाच महिने गेले. जून संपत आला असताना बांधाच्या एका जुन्या दाव्याची फाइल माझ्या टेबलावर आली. दोन चुलतभावांचा दावा होता. मधली हद्द रायबागकरांनीच पूर्वी मोजलेली, म्हणून दोन्ही बाजूंनी त्यांना साक्षीला बोलावलं होतं. समन्सच्या उत्तरादाखल त्यांचं पत्र फाइलीत लावलेलं होतं. अक्षर तेच, नकाशावर लिहायचे तसं, एकेक अक्षर सुटं.

‘माझी स्मृती विश्वासार्ह राहिलेली नाही. ही गोष्ट याच न्यायालयाच्या लोकअदालतीत माझ्यापुढे सिद्ध झालेली आहे. शपथेवर साक्ष देण्यास मी पात्र नाही, तरी मला माफ करावे.’

मी ते पत्र किती वेळा वाचलं, आठवत नाही. मंजिरीचा नंबर तेव्हाच्या कागदावर होता. मी तो शोधून काढला आणि कोर्टाच्या मागच्या व्हरांड्यात, जिथं जुनी कपाटं ठेवतात तिथं, जाऊन फोन लावला. दुपारचे साडेतीन वाजले होते.

“बाबांना कशाला?” मंजिरीनं विचारलं. “कोर्टाचं असेल तर आम्ही कळवलंय.”

“कोर्टाचं नाही, ताई. मला त्यांची माफी मागायची आहे. आधी त्यांची, मग तुमची. दोन मिनिटं द्या.”

ती घुटमळली. मग लांबून चपलांचा आवाज आला आणि रायबागकरांचा आवाज कानावर पडला. आवाज चांगला होता, तब्येत सुधारलेल्या माणसासारखा.

“बोला कोष्टी! कसे आहात? पाऊस आहे का तिकडं?”

मी पावसाचं काही सांगितलं नाही. मी सगळं एका दमात ओकून टाकलं. कुंकू, तीनचा आठ, दर सोमवार, शेडमधली माझी स्कूटर. फोटोतली पाठ माझी होती. तुम्ही झोपाळ्यावर होता, साहेब, तुम्ही कुठंही गेला नव्हता. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही. मी आज बाबरकडे जातो, लिहून देतो, नोकरी गेली तर जाऊ दे. बोलता बोलता मी रडत होतो हे मला माझ्याच आवाजावरून कळलं.

पलीकडे ते हसले. चेष्टेनं नाही, समजुतीनं.

“मंजिरीनं सांगितलं ना तुम्हाला असं म्हणायला?”

“नाही साहेब! आईशप्पथ नाही.”

“तिला वाटतं मी खचलोय. सारखी काहीतरी करत असते. अहो, मी आता उलट मोकळा झालोय. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू आहेत. आणि एक सांगू का? मला आठवायला लागलंय.”

“काय आठवायला लागलंय?”

“तो दिवस. मी वांगी आणायला निघालो होतो. पिशवी हँडलला अडकवलेली. कुंकू मीच लावलं होतं, मंजिरीच्या आईच्या फोटोपुढचं उचलून. सिग्नल लाल होता, मला दिसला होता, पण माझं लक्ष डावीकडे होतं. डावीकडे बावीस पावलांवर पिठाची गिरणी आहे, ती त्या दिवशी बंद होती. म्हटलं, आज बंद कशी? आणि तेवढ्यात गेलो पुढं. बघा, सगळं आलं की नाही?”

मार्केट यार्डाच्या सिग्नलला गिरणी नाही. कधीच नव्हती. मी रोज तिथून जातो.

“साहेब, तिथं गिरणी नाही,” मी म्हणालो. “साहेब, ऐका माझं. मी खोटं बोललो होतो तुमच्याशी.”

“कोष्टी,” ते म्हणाले. आवाज जरा कडक झाला होता, साक्षीच्या पिंजऱ्यातून यायचा तसा. “त्या दिवशी एवढ्या माणसांत माझ्याशी खरं बोलणारे तुम्ही एकटे होता. तेवढ्यावर मी उभा आहे. आता या वयात माझं मन राखायला मला खोटं सांगू नका. नाही सांगणार ना?”

मागून मंजिरीचा आवाज आला, “बाबा, पुरे आता, दम लागेल तुम्हाला.”

“सांगा ना, कोष्टी. नाही ना सांगणार?”

मी ‘नाही’ म्हणालो.